सुटा भाग आणि अखंड गाडी

मोटारसायकलचा विमा उतरवताना गाडी एक असते, दावा करताना तिचे पन्नास तुकडे होतात. सुट्या भागांच्या भरपाईवरून होणारे बहुतेक तंटे या दोन मोजण्यांमधल्या फटीतून निघतात. पॉलिसीच्या पहिल्या पानावर आयडीव्ही म्हणून एकच आकडा छापलेला असतो. ते अख्ख्या गाडीचे ठरवलेले मूल्य. टाकीचे इतके, चाकांचे इतके, हँडलचे इतके, असा हिशेब त्यात नसतो. अपघातानंतर गॅरेज जे एस्टिमेट काढते, त्यात मात्र गाडी कुठेच सापडत नाही. एकाखाली एक नुसते भाग असतात आणि प्रत्येकापुढे विमा कंपनीची वेगळी टक्केवारी लागते. मग विमा नेमका कशाचा उतरवला होता, गाडीचा की भागांच्या ढिगाचा? गाडीमालकाला हा प्रश्न पैशांचा वाटतो आणि तो पैशांचा आहेही. पण अवयवांहून निराळा असा कोणी अवयवी असतो का, या शब्दांत भारतीय दार्शनिकांनी हाच प्रश्न शेकडो वर्षे लढवला आहे. त्यांच्या वादाने विम्याच्या तंट्यावर बराच उजेड पडतो.

आधी तंटा जवळून पाहावा. पावसात घसरलेली, अडीच वर्षे वापरलेली गाडी गॅरेजमध्ये उभी आहे. विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर पहिल्यांदा हँडलच्या मानेपाशी वाकतो, तिथला चिखल फडक्याने पुसतो, कोरलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासतो. कागदावर चेसिस नंबर उमटतो. गाडी तीच आहे, एवढे यातून ठरते. त्यानंतर तो एस्टिमेटवर ओळीओळीने खुणा करत जातो: हा धातू, हे प्लास्टिक, हे रबर, ही काच. या खुणांमागे 2002 च्या इंडिया मोटर टॅरिफने घालून दिलेली कोष्टके आहेत आणि बहुतेक पॉलिसींच्या मजकुरात ती टिकून आहेत. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, ट्यूब आणि बॅटरी यांवर 50 टक्के कपात. फायबरग्लासवर 30 टक्के. काचेवर काहीच नाही. धातूसह बाकीच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, एक वर्षापर्यंत 5 टक्के, दोन वर्षांपर्यंत 10, तीनपर्यंत 15, आणि असे चढत दहा वर्षांपुढे 50.

समजा बिल असे आले: धातूचे भाग 6,000 रुपये, प्लास्टिकचे 4,000, रंगकाम 2,000, मजुरी 1,500. कर बाजूला ठेवला तर एकूण 13,500. धातूवर 15 टक्के गेले, उरले 5,100. प्लास्टिकचे निम्मे गेले, उरले 2,000. रंगाचे बिल एकत्रित असेल तर त्यातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि तेवढ्यावरच निम्मी कपात करतात. म्हणजे 250 जाऊन 1,750 राहिले. मजुरीला घसारा नाही. बेरीज 10,350 होते. त्यातून पॉलिसीत लिहिलेली सक्तीची वजावटही जाते. तीन हजारांहून अधिक रक्कम मालकाच्या खिशातून जाते आणि ती का गेली, हे त्याला क्वचितच कोणी नीट समजावून सांगते.

कंपनीची बाजू एका तत्त्वावर उभी असते आणि ते तत्त्व खोटे नाही. विमा नुकसान भरून देतो, नफा देत नाही. अपघाताच्या आदल्या क्षणी मालक जिथे होता, तिथेच त्याला परत आणून ठेवायचे. अडीच वर्षे वापरलेल्या साखळीच्या जागी कोरी साखळी बसली, तर मालक आधीपेक्षा वरचढ जागी जातो, म्हणून झिजलेल्या आयुष्याचे मोल वजा करायचे. मराठीत या वजावटीला घसारा म्हणतात आणि घासण्याची, झिजण्याची खूण त्या शब्दातच आहे. पण कोष्टक शब्दाला धरून चालत नाही. शोरूममधून निघालेली गाडी तिसऱ्या दिवशी पडली, तर धातूवर कपात शून्य आणि प्लास्टिकवर पूर्ण 50 टक्के. तीन दिवसांत व्हायझर निम्मा झिजला असे कोणीच म्हणणार नाही. ही ठरवून घेतलेली वाटणी आहे, तिला घसारा म्हणणे चूक आहे. ती करारात आधी लिहिलेली असते, म्हणून कंपनीला ती लावता येते. पण झिजेच्या न्यायाने ती समर्थनीय ठरत नाही आणि तिला घसारा हे नाव दिल्याने ग्राहकाची फसगत होते. शून्य घसाऱ्याचे जादा कवच विकले जाते ते हीच फट बुजवण्यासाठी, आणि त्याचा जादा हप्ता ग्राहकच भरतो.

द्रव्य आणि नाव यांच्यातला झगडा हेडलाइटवर सर्वांत स्पष्ट दिसतो. गॅरेजमधला पोऱ्या, मालक, दुकानदार सगळे म्हणतात, ‘हेडलाइटची काच फुटली.’ काचेला कपात नाही. पण आजच्या बहुतेक दुचाकींवरची ही ‘काच’ पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची असते, आणि सर्व्हेअर निम्मी रक्कम कापतो. त्यातही गाडी बनवणाऱ्या कंपन्या बहुधा पूर्ण हेडलाइट असेंब्लीच विकतात. आत परावर्तक, वायर, होल्डर, धातूच्या पट्ट्या, सगळे एका पार्ट नंबरखाली येते आणि अख्खी असेंब्ली प्लास्टिकच्या रकान्यात जाते. इथे मालक नावाच्या बाजूने बोलतो आणि सर्व्हेअर द्रव्याच्या बाजूने. असेंब्लीच्या बाबतीत मात्र सर्व्हेअरही द्रव्याचा आग्रह सोडतो आणि मिश्र वस्तूला एकाच द्रव्याचे नाव देतो. ही विसंगती दाव्यात लेखी मांडण्याजोगी आहे, कारण धातूच्या पट्टीवर प्लास्टिकची कपात लावायला कोष्टकात आधार नाही.

नाव आणि भाग यांचा हा पेच पालीतल्या मिलिंदप्रश्नात रथाच्या रूपाने येतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारा ग्रीक राजा मेनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा तो संवाद. महाराष्ट्राला ही नावे परकी नाहीत. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेब आंबेडकरांनी उभारलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. राजा विचारतो, केस म्हणजे नागसेन का, नखे म्हणजे का, संवेदना म्हणजे का? प्रत्येकाला नकार मिळाल्यावर तो म्हणतो, मग नागसेन कुठेच नाही. नागसेन त्याच्या रथाकडे वळतो. दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे का, चाके म्हणजे का? नाही. हे सगळे सोडून रथ वेगळा कुठे आहे का? तेही नाही. तरी राजा रथातूनच आला आहे. नागसेनाचा निष्कर्ष घाईने वाचला तर ‘रथ नाहीच’ असा वाटतो, पण त्याचे म्हणणे त्याहून सूक्ष्म आहे. दांडी, आस, चाके यांच्या आधाराने ‘रथ’ ही संज्ञा चालते, व्यवहार होतो. त्या संज्ञेमागे निराळा पदार्थ शोधू नये, इतकेच. एस्टिमेट करणारा सर्व्हेअर नकळत नागसेनाच्या पंक्तीला बसतो. त्याच्या कागदावर गाडी ही बिलाच्या शीर्षकापुरती संज्ञा असते.

न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे पटले नाही. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आणि त्यावरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात अवयवी खरा आहे, याची सिद्धता मांडलेली आहे. त्यातला एक युक्तिवाद हातात धरून पाहता येतो. वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सगळी ओढली जाते. नुसता ढीग असता तर हातात आलेला तुकडाच तेवढा आला असता. पार्किंगमध्ये अडकलेली गाडी मागच्या कडीला धरून ओढणारा माणूस रोज हा प्रयोग करतो. कडी ओढली की इंजिनासकट दीडशे किलोची गाडी सरकते. वैशेषिक दर्शनाने संबंधांचे दोन प्रकार नेमके वेगळे केले. दोन स्वतंत्र वस्तू एकमेकींना लागतात तो संयोग, आणि तो सुटू शकतो. अवयवांत अवयवी राहतो तो समवायाने, जसे धाग्यांत वस्त्र. चाक, फ्रेम, हँडल यांच्यात गाडी समवायाने राहते. सीटला बांधलेली बॅग गाडीला फक्त लागलेली असते, तिच्यात गाडी राहत नाही.

विम्यातल्या ‘भाग’ आणि ‘ॲक्सेसरी’ या भेदाला यापेक्षा चांगली कसोटी मिळणे अवघड आहे. दुचाकीच्या पॉलिसीत ॲक्सेसरी सुटी चोरीला गेली तर भरपाई नाही, गाडीच चोरीला गेली तरच मिळते. शिवाय गाडीच्या उत्पादकाने मुळात न बसवलेल्या विजेच्या उपकरणांसाठी जादा हप्ता भरलेला असावा लागतो. त्यामुळे एखादी वस्तू भाग आहे की ॲक्सेसरी, यावर दावा तरतो किंवा बुडतो. साडी गार्ड आणि मागच्याला धरायची कडी यांचे उदाहरण घ्यावे. अनेक विक्रेते ती वेगळी बसवतात आणि ‘ॲक्सेसरीज’ म्हणून वेगळे बिल करतात. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 123 मोटारसायकलला धरायची सोय, पाय टेकायची सोय आणि कपडा मागच्या चाकात जाऊ नये म्हणून निम्मे चाक झाकणारे संरक्षण सक्तीचे करतो. जिच्याशिवाय गाडी कायद्याने रस्त्यावर येऊच शकत नाही, ती वस्तू गाडीला नुसती लागलेली कशी म्हणायची? बिल कोणत्या पानावर फाटले, यावरून समवायाचा संयोग होत नाही. अशा दाव्यात मालकाने विक्रेत्याच्या बिलापेक्षा या नियमावर बोट ठेवावे.

कंपनीची खरी अडचण इथेच दिसते. हप्ता घेताना ती नैयायिक असते, गाडीला एक अखंड किंमत देते. दावा देताना ती नागसेनाचा आधार घेते आणि भागांपलीकडे काही मानत नाही. दोन्ही दर्शने आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, पण सोयीप्रमाणे एकातून दुसऱ्यात उडी मारणे प्रामाणिक नाही. नागसेनानेही रथाची संज्ञा व्यवहारात मोडीत काढली नव्हती. करार संज्ञेवर झाला असेल, तर ती शेवटपर्यंत सांभाळणे हे देणाऱ्याचे कर्तव्य आहे. भागवार कपात कराराने आली आहे, ती मान्य करावी लागते. जिथे करार गप्प आहे, तिथे मात्र प्रश्न गाडीच्या बाजूने सोडवला पाहिजे, कारण हप्ता गाडीचा घेतला होता.

तुटलेल्या भागाच्या जागी काय बसवायचे, हा पुढचा वाद. मालकाला गाडीच्या उत्पादकाचा मूळ भाग हवा असतो, सर्व्हेअर कधी कधी दुसऱ्या उत्पादकाच्या स्वस्त भागाची किंमत धरतो किंवा ‘दुरुस्त होईल’ असे लिहितो. यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी या प्रश्नावर थक्क करणारा बारीक विचार केला आहे. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय प्रतिनिधीची चर्चा करतो. यज्ञाला सांगितलेले भात मिळाले नाही तर रानभात, म्हणजे नीवार, चालतो, कारण मूळ द्रव्याशी त्याचे साम्य आहे. सोम मिळाला नाही तर पूतिका. पण प्रतिनिधीही हरवला तर त्याच्यासारखे दुसरे शोधायचे नाही, मूळ द्रव्यासारखेच शोधायचे. शिवाय काही गोष्टींना प्रतिनिधीच नसतो: देवतेला नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही आणि यजमानालाही नाही. ब्रेकचा लिव्हर, पुढचा फोर्क, अलॉय चाक यांच्या बाबतीत हा धडा थेट लागू पडतो. सादृश्य मुळाशी मोजायचे, आधी बसवलेल्या स्वस्त भागाशी नाही. वाकलेला फोर्क गरम करून सरळ केला तर दिसतो पूर्वीसारखा, पण भार घेणारा धातू पूर्वीसारखा राहिलेला असेलच असे नाही. जिथे जीव टांगलेला आहे, तिथे काटकसरीचा प्रतिनिधी मान्य करू नये.

यानंतर कारणाचा प्रश्न येतो आणि दाव्याच्या नकारांत सगळ्यात जास्त शब्द याच्यावर खर्च होतात. झीज, गंज, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि परिणामी नुकसान हे पॉलिसीच्या बाहेर असते. म्हणून सर्व्हेअरला सायलेन्सरवर गंज दिसला की तो ‘जुने’ असे लिहून ओळ खोडतो. पण गंज होता, एवढ्यावरून सायलेन्सर गंजाने फुटला हे सिद्ध होत नाही. नैयायिक नेहमी आधी असणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कारण मानत नाहीत. घडा बनण्याआधी माती वाहून आणणारे गाढवही तिथे असते, पण त्याला ते अन्यथासिद्ध म्हणतात: आधी होते, तरी कार्याशी त्याचा संबंध नाही. डांबरावर आपटून चेपलेल्या सायलेन्सरवरचा जुना गंज अनेकदा असे गाढव असतो. चेपल्याची जागा, खरवडल्याची दिशा, ताज्या धातूची चकाकी यांचे फोटो अपघाताच्या दिवशीच काढून ठेवले, तर हा युक्तिवाद टिकतो.

उलटही घडते आणि तेही प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. पावसाळ्यात गाडी पाण्यात बुडते, एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. अशा वेळी कोणी स्टार्टर मारला तर पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पूर पॉलिसीत आहे, पण रॉड वाकवला तो स्टार्टरने, म्हणून कंपनी त्याला परिणामी नुकसान म्हणते. गाडी न चालवता ढकलत गॅरेजला नेणाऱ्याची बाजू इथे कितीतरी मजबूत असते. कारणाच्या साखळीत शेवटची कडी कोणाच्या हाताने जोडली गेली, हे इथे निर्णायक ठरते.

विमा हा परम सद्भावाचा करार मानला जातो आणि सद्भाव दोन्हीकडून लागतो. गॅरेजमध्ये ‘तो जुना चरा पण क्लेममध्ये घालून टाकू’ असे सहज म्हटले जाते. मालक हो म्हणतो, कारण कापल्या गेलेल्या पैशांची ही वसुली वाटते. पण एका खोट्या ओळीने खऱ्या ओळी संशयात येतात, आणि पॉलिसीधारकांच्या साऱ्या समूहाचा हप्ता त्यातून चढतो. अन्यायाची भरपाई लबाडीने करणारा आपल्या खऱ्या मागणीचा पाया स्वतःच उखडतो. कंपनीनेही याच मोजमापाने मोजले जावे. नकाराचे कारण न सांगता ‘अटींनुसार’ एवढेच लिहून पाठवणे हा सद्भाव नाही. कोणत्या अटीनुसार, कोणत्या ओळीनुसार, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

मजकूरच दोन अर्थांचा असेल तर? 1966 साली चंदूमल जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. न्यायालयाने पक्षकारांसाठी नवा करार लिहू नये. आणि मजकुरात संदिग्धता असेल, तर तिचा अर्थ तो लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावावा. ‘हेडलाइटची काच’ आणि ‘साडी गार्ड ॲक्सेसरी’ यांसारखे वाद या दुसऱ्या वाक्याच्या कक्षेत येतात, ‘प्लास्टिकवर निम्मी कपात’ हा येत नाही, कारण तो मजकूर स्पष्ट आहे. वाट अशी: आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीला बांधतो. ग्राहक आयोगाचा मार्ग त्याशिवाय आहेच.

शेवटचा वाद गाडीच्या मृत्यूचा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नष्ट झाली असे धरतात. 60,000 च्या गाडीला 45,000 ही सीमा. 44,000 चे बिल आले तर ती जिवंत आहे आणि भागवार कपात लागते, 46,000 चे आले तर ती संपली आणि अखंड किंमत हाती येते. वैशेषिकांच्या मते एक धागा काढला तरी जुने वस्त्र नाश पावते आणि उरलेल्या धाग्यांचे नवे वस्त्र उत्पन्न होते. विम्याला इतका कडकपणा परवडत नाही, म्हणून त्याने नाशाची रेषा एका टक्केवारीवर ओढली आहे. या रेषेजवळ एस्टिमेट वर किंवा खाली सरकवण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. म्हणून असे एस्टिमेट दुसऱ्या गॅरेजमधूनही काढून घ्यावे.

ग्रीक कथेतल्या थीसिअसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि काढलेल्या फळ्यांचे कोणी दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते, असे सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने विचारले होते. विम्याने याचे उत्तर व्यवहारापुरते देऊन टाकले आहे. बदललेला जुना भाग कंपनीचा होतो आणि मालकाला तो ठेवून घ्यायचा असेल तर त्याची भंगाराची किंमत दाव्यातून वजा होते. पूर्ण नष्ट ठरलेली गाडीही कंपनी भंगारात काढते. तिचा नोंदणी दाखला रद्द झाला की चेसिस नंबर संपतो, भाग संपत नाहीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात तिचे हँडल, चाक, टाकी सुटी टांगलेली असतात आणि एखादा गॅरेजवाला त्यांतले एक उचलून, पुसून, दुसऱ्या कोणाच्या गाडीला लावतो.